येथे बर्फ पडत नाही, मग इंजिनाच्या कूलिंग सिस्टिमची आवराआवर पुस्तकाप्रमाणे करावी का?

दिवाळेवासी

नमस्कार. माझ्याकडे अठ्ठावीस फुटी फायबरची हौशी बोट असून ती बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यालगत उभी असते. इंजिन चार सिलिंडरचे इनबोर्ड डिझेल आहे. त्याच्या आत कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरते आणि ते कुलंट हीट एक्स्चेंजरमध्ये खाडीच्या पाण्याने थंड होते. बोट दोन वर्षांपूर्वी जुन्या मालकाकडून घेतली. तिच्यासोबत आलेल्या पुस्तकात हिवाळ्यापूर्वी करावयाच्या कामांवर अख्खे प्रकरण आहे. खाऱ्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुवावा, नंतर त्यात गुलाबी अँटिफ्रीझ (गोठण्यापासून वाचवणारा द्रव) ओढून घ्यावे आणि वसंतात इंजिन पुन्हा सुरू करावे, असा त्याचा सारांश आहे.

आपल्याकडे बोट बंद राहते ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, शेजारचे सगळे नाखवा आपापल्या बोटी शाकारून ठेवतात आणि त्यांच्याबरोबर मीही ठेवतो. गेल्या वर्षी मी फक्त बॅटरी काढून ठेवली होती, इंजिनाला हातसुद्धा लावला नव्हता. यंदा मात्र पूर्वी ८० अंशांवर स्थिर राहणारा तापमानाचा काटा २२०० फेऱ्यांच्या वर गेल्यावर ९२-९३ पर्यंत चढू लागला आहे आणि एक्झॉस्टमधून पडणारे पाणीही मला कमी वाटते. त्यामुळे दोन गोष्टी विचारतो. एक, अँटिफ्रीझ भरण्याचा हा खटाटोप नवी मुंबईत खरोखर करावा लागतो का? दोन, ओहोटीला बोट गाळात बसते आणि जेट्टीवर नळ नाही, अशा ठिकाणी इंजिन धुवायचे कसे?

सानपाड्याचा मिस्त्री

दिवाळेवासी, आपण एका प्रश्नात दोन प्रश्न बांधले आहेत. बोट बंद ठेवणे हा एक आणि तापमान चढणे हा दुसरा. दोघांचे मूळ बहुधा एकच असावे, तरी आधी पहिला घेतो.

पुस्तकातला हिवाळा आपला नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि त्या जोराने बिडाचा ब्लॉकसुद्धा तडकतो, म्हणून थंड देशांत अँटिफ्रीझ भरतात. बेलापूरला ही भीती नाही. आपल्याकडे इंजिनाला खातात ते मीठ आणि गाळ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाच लिटर पाणी आत राहून हळूहळू सुकले, तर मागे पावणेदोनशे ग्रॅम मीठ उरते, म्हणजे आमटीची वाटी भरेल इतके. मे महिन्यात खाडीत वरून येणारे गोडे पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे तेव्हा आत राहिलेले पाणी खारटपणात समुद्राच्या पाण्याहून फारसे वेगळे नसते. आपण गेल्या वर्षी नेमके तेच पाणी आत ठेवून बोट शाकारली.

तेव्हा पुस्तकातील धुण्याचा भाग जसाच्या तसा करावा आणि गुलाबी अँटिफ्रीझचा भाग खुशाल सोडून द्यावा. नळ नसला तरी चालते. दोनशे लिटरचे निळे पिंप बोटीत चढवा आणि कॅनने पाणी आणून भरा. मात्र पाणी घराच्या नळाचे आणा. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी अनेकदा मचूळ असते, आणि खारे पाणी काढायला मचूळ पाणी वापरण्यात काही अर्थ नाही. सी-कॉक, म्हणजे खाडीचे पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह, बंद करा, गाळणीकडून पंपाकडे जाणारा होज पाइप सोडवून त्याचे तोंड पिंपात बुडवा आणि मग इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करा. पंप स्वतःला लागेल तेवढेच पाणी ओढेल. पिंप डेकवर न ठेवता खाली, पंपाच्या पातळीपेक्षा शक्यतो खालीच ठेवा, कारण पिंप उंचावर असेल तर इंजिन थांबल्यावरही पाणी आपोआप पुढे सरकत राहते. ते कुठे जाते हे कोणीतरी अनुभवाने सांगेलच.

मंद फेऱ्यांवर अशा इंजिनाला पिंप संपवायला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. पिंपावर एक माणूस उभा ठेवा. पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखांचे चाक, रबराचा असतो आणि पाण्यावाचून अर्धा मिनिट फिरला तरी करपतो. बोट गाळात बसलेली असताना हे काम करायला हरकत नाही, उलट ती हलत नाही म्हणून सोयीचेच पडते. फक्त चुकूनही गिअर टाकू नका.

एका गोष्टीत पुष्कळांचा घोटाळा होतो. ज्या इंजिनांत खाडीचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते, त्यांत थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन तापवावेच लागते, नाहीतर पाणी बायपासने बाहेर पडते आणि ब्लॉक खाराच राहतो. आपल्या इंजिनात थर्मोस्टॅट कुलंटच्या बाजूला आहे. खारे पाणी पहिल्या क्षणापासून पूर्ण मार्गाने वाहते, म्हणून आपल्याला थांबायची गरज नाही. थेट थंड होणाऱ्या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ६० अंशांचे का असतात, तेही यावरून समजेल. त्याहून गरम धातूवर समुद्राच्या पाण्यातील चुना झपाट्याने बसू लागतो.

आता तापमान. कमी पडणारे पाणी आणि वाढत्या फेऱ्यांबरोबर चढणारा काटा, ही जोडी दिसली की मी आधी इम्पेलरचे झाकण उघडतो. तेथे काय दिसते ते कळवा. पंख तुटलेला असेल तर नवा इम्पेलर बसवून मोकळे होऊ नका, तुटलेला तुकडा शोधा.

उत्तनचा नाखवा

मिस्त्रीकाकांनी जागा मोकळी ठेवली आहे, ती मी भरतो. चूक माझी होती, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या लहान बोटीचे इंजिन मी असेच धुवायला घेतले. पिंप भरण्याचा कंटाळा आला, म्हणून नळाचा पाइप थेट पंपाच्या तोंडाला क्लिपने आवळला आणि आधी नळ सोडला. बॅटरी उतरलेली होती. चावी फिरवली, इंजिन घेईना. थोडे थांबून पुन्हा फिरवली, तरी घेईना. या सगळ्या वेळात नळ चालूच होता. इंजिन चालू असते तेव्हा धुराचा जोर पाणी एक्झॉस्टमधून बाहेर ढकलतो. ते बंद असेल तर पाणी सायलेन्सरमध्ये साठत जाते, तो भरला की उलट चढते आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. पाचव्या खेपेला चावी फिरवली तेव्हा ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि फ्लायव्हील जागच्या जागी थांबले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही.

इंजेक्टर काढून हाताने इंजिन फिरवले तेव्हा दोन भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या छपराला लागल्या. डिपस्टिकवरचे तेल ताकासारखे पांढुरके झाले होते. तीन वेळा तेल बदलून आणि इंजिन बराच वेळ चालवून ते वाचले. कनेक्टिंग रॉड वाकला नाही हे नशीब, कारण स्टार्टरऐवजी इंजिन स्वतःच्या जोरावर फिरत असते तर तो वाकलाच असता.

म्हणून नळ थेट जोडायचाच असेल, तर आधी इंजिन सुरू करावे आणि मग लगेच पाणी सोडावे. थांबवताना आधी पाणी बंद करावे आणि लगोलग इंजिन. याउलट कधीही करू नये. नळाचा दाबही बेताचाच ठेवावा. माझे विचाराल तर पिंपच बरे. आणि धुण्याचा प्रसंग नसला तरीही इंजिन पटकन घेत नसेल तर सी-कॉक बंद करूनच चावी फिरवावी, कारण स्टार्टरवर फिरतानासुद्धा पंप पाणी ढकलतच असतो. इंजिनाने घेतले की सी-कॉक ताबडतोब उघडावा, एवढे मात्र विसरू नये.

आमच्या मोठ्या बोटीला ही भानगडच नाही. तिच्या इंजिनातले पाणी बोटीच्या तळाबाहेर बसवलेल्या नळ्यांतून फिरून थंड होते, खारे पाणी इंजिनात येतच नाही. बोट ओढली की त्या नळ्यांवरचे शिंपले आणि कालवे खरवडले की झाले.

ऐरोलीकर

मी गंजरोधक रसायनांच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे इंजिनापेक्षा त्यातल्या द्रवांबद्दल लिहिते.

गुलाबी अँटिफ्रीझ सोडून द्यावे हे मिस्त्रीकाकांचे म्हणणे खाऱ्या पाण्याच्या बाजूपुरते बरोबर आहे. पण ते वाचून कोणी इंजिनातले कुलंटही अनावश्यक समजू नये. बंद मार्गातील कुलंट आपल्याकडे गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी लागते. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते, याचा खाडीत काहीच उपयोग नाही. उपयोग आहे तो त्यात घातलेल्या गंजरोधकांचा, आणि ते वापराने संपत जातात. हायड्रोमीटर फक्त ग्लायकॉलचे प्रमाण सांगतो, गंजरोधक उरले आहेत की नाही हे त्याला कळत नाही. आपण बोट घेऊन दोन वर्षे झाली आणि कुलंट बदलल्याचा उल्लेख नाही, तेव्हा यंदा ते बदलावेच. भरताना ‘जास्त दाट म्हणजे जास्त चांगले’ असे समजू नये. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते आणि गंमत म्हणजे ते एकटे असताना उणे १३ च्या आसपासच गोठते. रंग सारखा दिसला म्हणून दोन प्रकारचे कुलंट एकत्रही करू नयेत, कारण रंग हा उत्पादकाच्या पसंतीचा भाग आहे आणि न जुळणारी मिश्रणे आत जेलीसारखी साखळू शकतात.

काढलेले कुलंट कॅनमध्ये भरून वर्कशॉपच्या वापरलेल्या तेलाबरोबर द्यावे, खाडीत सोडू नये. ते गोड आणि विषारी असते, जेट्टीवरची कुत्री ते चाटतात. शिवाय ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, म्हणजे आपण नांगर टाकतो ते काही कोणाचे मोकळे गटार नव्हे.

धुणे पुरेसे झाले की नाही, यासाठी घरच्या वॉटर प्युरिफायरसाठी मिळणारा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर वापरावा. एक्झॉस्टमधून पडणारे पाणी दर दोन मिनिटांनी मगमध्ये धरून मोजावे. सुरुवातीला मीटरची मर्यादाच ओलांडली जाते, मग आकडा हजारांत आणि पुढे शेकड्यांत येतो. तो पिंपातल्या पाण्याच्या जवळ येऊन दोन वेळा तसाच राहिला की थांबावे. धुराच्या काजळीने थोडा फरक पडतो, तो सोडून द्यावा.

चुन्याच्या थराबद्दलही सांगते. गोड्या पाण्याने मीठ विरघळते, चुना विरघळत नाही. त्यासाठी कोणी संडास साफ करण्याचे ॲसिड सुचवेल, तर ते वापरू नका. हायड्रोक्लोरिक आम्ल चुन्याबरोबर धातूही खाते आणि ॲल्युमिनियमचा भाग असला तर त्याची चाळण करते. हीट एक्स्चेंजरचा गाभा बाहेर काढून किराण्यात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणात बुडवावा, बुडबुडे थांबले की काढून भरपूर पाण्याने धुवावा. काम वेळखाऊ आहे, पण नळ्या शाबूत राहतात.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. बाकीचे सगळे ‘धुवून पाणी काढून टाका’ म्हणतील. ज्यांचे पाणी थेट बिडाच्या ब्लॉकमधून फिरते, त्यांनी ब्लॉक अर्धवट ओला आणि हवेला उघडा ठेवू नये. ओल आणि हवा एकत्र आली की लोखंड सर्वांत वेगाने गंजते आणि जुलैतली हवा तर पिळून पाणी काढावे अशी असते. अशांनी धुतल्यानंतर गंजरोधक मिश्रणाने ब्लॉक काठोकाठ भरलेलाच ठेवावा. म्हणजे पुस्तकातली कृती त्यांना लागू पडते, फक्त कारण बदलते.

सानपाड्याचा मिस्त्री

ऐरोलीकर ताई, थेट पाण्याच्या इंजिनाबाबत आपले म्हणणे मान्य आहे, माझे वाक्य सरसकट झाले होते. हीट एक्स्चेंजर असेल तर मात्र मी पाणी काढूनच ठेवतो. त्यातल्या नळ्या तांबे-निकेलच्या असतात, त्यांना ओलसर हवेपेक्षा साचलेल्या गाळाचा त्रास अधिक होतो.

दिवाळेवासी, निचऱ्याचा बोल्ट काढल्यावर पाणी आले नाही, तर आत पाणी नाही असे समजू नका. खाडीचा गाळ त्या भोकात सिमेंटसारखा बसतो. वाकवलेली तार आत घालून ढवळा, मग बघा किती पाणी येते. हीट एक्स्चेंजरवरचा पितळी बोल्ट काढा, त्याच्या टोकाला जस्ताची कांडी असते. ती स्वतः झिजून तांब्याच्या नळ्या वाचवते. निम्मी उरली असेल तर बदला, आणि आट्यांवर टेप गुंडाळू नका, धातूला धातू लागला तरच ती काम करते. कुलंटचे झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

दिवाळेवासी

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस यातच गेले, त्याचा वृत्तान्त देतो.

इम्पेलरच्या सहा पंखांपैकी दोन मुळापासून गेलेले होते आणि उरलेले चार एकाच दिशेला वाकून तसेच ताठरले होते. पहिला तुटका पंख हीट एक्स्चेंजरचे पुढचे झाकण काढताच सापडला. नळ्यांच्या तोंडावर तो आडवा बसला होता, त्याच्याभोवती काळा गाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीची एक चिंधी आणि शिंपल्यांचे तुकडे जमले होते. मोजल्या तर अकरा नळ्या पूर्ण बंद होत्या. लोखंडी तार घालायला जीव धजेना, म्हणून आईने खराट्यातले हीर काढून दिले. ते लवचीक असल्याने नळीत सहज जातात आणि धातूला ओरखडा पडत नाही. दुसरा पंख कोठे दिसेना. काकांनी दम दिला होता म्हणून शोधत राहिलो, शेवटी पंपाकडून येणाऱ्या होज पाइपच्या वळणात बोट घातल्यावर लागला. दोन्ही पंख जुन्या इम्पेलरला लावून पाहिले, एक कोपरा सोडला तर पूर्ण जुळले.

जस्ताची कांडी नव्हतीच. बोल्टच्या टोकाला करड्या भुकटीचा जेमतेम एक सेंटिमीटर राहिला होता. गाभा लिंबूसत्त्वात बुडवल्यावर पहिला अर्धा तास सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येत होते.

सगळे पुन्हा जोडून नव्या इम्पेलरसह पिंपातल्या पाण्यावर इंजिन चालवले. टीडीएस मीटरने सुरुवातीला आकडाच दाखवला नाही, मग ४,१०० दाखवला, त्यानंतर ९००, आणि दुसऱ्या पिंपाच्या मध्यावर १६० वर येऊन थांबला. आमच्या नळाचे पाणी १२० भरते. दुसरे पिंप भरण्यासाठी सोसायटीतून आणखी दहा कॅन न्यावे लागले, वॉचमनने पाणीकपातीची आठवण करून दिली आणि पुढच्या वर्षी आधी सांगा असे बजावले.

आता कुलंट नवे आहे, खारी बाजू रिकामी आहे आणि सी-कॉक बंद आहे. एकच शंका राहिली. नवा इम्पेलर दोन महिने आतच राहू द्यावा का? आणि मध्ये एकदा इंजिन सुरू करून पाहावे का?

सानपाड्याचा मिस्त्री

इम्पेलर बाहेर काढा. एका जागी दाबून राहिलेले पंख तसेच वाकडे होतात, आपल्या जुन्या इम्पेलरचे उरलेले चार पंख तेच सांगत आहेत. धुवून, पुसून, सावलीत डब्यात ठेवा, तेल किंवा ग्रीस लावू नका. बसवताना साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावा. झाकणाचा नवा गॅस्केट आताच आणून त्याच डब्यात टाका, ऑगस्टमध्ये दुकानात सगळे एकदम येतात.

मध्ये इंजिन सुरू करू नका. पाच मिनिटे चालवून बंद केलेल्या इंजिनात ओल धरते आणि धुण्याची मेहनत वाया जाते. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा क्रँकशाफ्ट पान्याने, फिरण्याच्या दिशेनेच, हाताने दोनएक फेरे फिरवा. एक्झॉस्टच्या बाहेरच्या तोंडात तेलकट चिंधीचा बोळा घाला. त्यामुळे दमट हवा आत जात नाही, आणि उंदीरही. उधाणाच्या दिवसांत भरतीच्या वेळी खाली उतरून सी-कॉकभोवती ओल नाही ना, हेही पाहा.

उत्तनचा नाखवा

आणि चावीला दोरीने पुठ्ठा बांधून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘इम्पेलर डब्यात. सी-कॉक बंद. एक्झॉस्टला बोळा.’ नारळी पौर्णिमेच्या सकाळी बोटीवर पाहुणे असतात, पूजेची घाई असते आणि कोणीतरी उत्साहाने चावी फिरवतो. आमच्याकडे ते काम पुतण्याने केले होते.

दिवाळेवासी

पुठ्ठा बांधला. चौथी ओळ मी घातली : ‘डबा आईकडे.’